गिरडचे गोटे आणि घरांतला अद्भुतपट

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत गिरड नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदु आणि मुसलमान दोघेहि सारख्याच भाविकपणानें त्याच्या दर्शनास जातात. टेकडीवर वाटोळे गोटे विखुरलेले आढळतात; त्यांच्या उत्पत्तीची कथा जुन्या सरकारी गॅझेटियरांतहि नमूद आहे. दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनीं टेकडीवरील फकिराची थट्टा केली, तेव्हां त्यांच्याजवळचीं सारीं फळें जागच्या जागीं दगड होऊन गेलीं. व्यापारी गयावया करूं लागले. फकिराला दया आली; त्यानें वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला; आणि तें सामर्थ्य पाहून ते दोघे व्यापार सोडून जन्मभर त्याच्याच सेवेंत राहिले. त्यांच्या म्हणून दोन कबरी टेकडीवर दाखवीत असत, असेंहि गॅझेटियरकार सांगतात. भूगर्भशास्त्राचें उत्तर निराळें आहे. दख्खनचा लाव्हा थंड होतांना त्यांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढें पाझरणाऱ्या पाण्यांतून झिओलाइटसारखीं खनिजें त्या पोकळ्यांत सांठलीं, आणि भोवतालचा खडक झिजून गेल्यावर हे गोटे मोकळे पडले. दोन्ही हकीकती एकाच गोट्याच्या आहेत. आणि ज्याला दोन्ही ठाऊक आहेत त्याला तो गोटा हातांत घेतांना दुप्पट आनंद होतो.

आतां या कथेंत रसांची गर्दी केवढी आहे पहा. व्यापाऱ्यांच्या टवाळींत हास्य, फकिराच्या कोपांत रौद्र, होत्याचें नव्हतें झालेल्या दोघांच्या विनवणींत करुण, पानांचा माल होण्यांत अद्भुत, आणि शेवटीं सेवेंत विसावलेला शांत. दहा ओळींच्या गोष्टींत पांच रस! तरी ‘ही गोष्ट धड विनोदी नाहीं, धड गंभीर नाहीं; हिला कोणत्या खान्यांत बसवावी?’ असा प्रश्न तेथें कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु तीच मंडळी घरीं परतून दूरचित्रवाणीपुढें बसली आणि पडद्यावर एखादा चिनी योद्धा छपरावरून छपरावर तरंगत जाऊं लागला, कीं घरांतील सुशिक्षित वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. ‘हें काय पोरकट खूळ! बंद करा तें!’ या एका वाक्यानें एका संबंध कलाप्रकाराचा निकाल लागतो. हा निकाल अन्यायाचा आहे, एवढेंच नव्हे तर घरांतील मुलांच्या बुद्धीला अपायकारक आहे, असें आमचें म्हणणें आहे; आणि तें आम्ही येथें सकारण मांडणार आहों.

ज्या प्रकाराविषयीं आपण बोलत आहों त्याला चिनी भाषेंत ‘वूशिया’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे युद्धविद्या व ‘शिया’ म्हणजे दुबळ्यांचा कैवार घेणारा वीर. यांतील ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ या २००० सालच्या चित्रपटाला परभाषी चित्रपटाचें ऑस्कर मिळालें, त्यामुळें तो पाहतांना कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. खरी परीक्षा होते ती स्टीफन चौ यांच्या ‘कुंग फू हसल’ या २००४ सालच्या चित्रपटापुढें. कम्युनिस्ट क्रांतीपूर्वीच्या शांघायमधील एका दरिद्री वस्तींत तो घडतो. ही वस्ती म्हणजे आपल्या गिरगांवांतील चाळीचीच चिनी बहीण. येथें केसांना गुंडाळ्या लावून, तोंडांत विडी धरून भाडेकरूंवर खेकसणारी आणि पाणी बंद करणारी घरमालकीण आहे. शिंपी आहे, हमाल आहे, खाद्यपदार्थ विकणारा आहे. कुऱ्हाडी घेऊन हिंडणारी गुंडांची टोळी वस्तीवर चालून येते, तेव्हां हा शिंपी, हा हमाल आणि हा खाद्यपदार्थवाला अज्ञातवासांतील महायोद्धे निघतात. दोन मारेकरी तंतुवाद्य छेडतात आणि स्वरांतून तरवारी सुटतात. घरमालकिणीची आरोळी सिंहगर्जना होऊन घरेंदारें उडवून देते. टोळीवाले गुंड काळे पोषाख घालून नाचतात. त्यांतच एका मुक्या मुलीची अबोल प्रीति आहे, आणि एका पराभूत तरुणाचा पुनर्जन्महि आहे. थोडक्यांत, हाणामारी, प्रहसन, गाणें-नाच, प्रेमकथा आणि चमत्कार यांची एकाच पातेल्यांत शिजवलेली ही खिचडी आहे. आमच्या आक्षेपकांचा पहिला राग याच खिचडीवर आहे.

‘एक कृति, एक रस’ हा त्यांचा आग्रह. शोकांतिका असेल तर शोकच असावा, विनोद असेल तर विनोदच असावा. हें सोवळें आमच्या आक्षेपकांनीं आणलें तरी कोठून? भरताच्या नाट्यशास्त्रांतून तें खचित आलें नाहीं. भरतानें आठ रस सांगितले, त्यांतील चार मूळ मानले आणि उरलेले चार त्यांच्यापासून उपजतात असें म्हटलें. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, बीभत्सापासून भयानक, आणि वाचकहो, वीरापासून अद्भुत! म्हणजे वीराच्या पोटीं अद्भुत जन्माला यावा ही गोष्ट शांघायमध्यें किंवा हाँगकाँगमध्यें प्रथम कोणाला सुचली असें नाहीं. आमच्या सर्वांत जुन्या नाट्यग्रंथांत तें नातें नोंदलेलें आहे. इतकेंच काय, नाटकाच्या अखेरच्या संधींत नेहमीं अद्भुत रस योजावा असाहि भरताचा स्पष्ट आदेश आहे. शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ घ्या. त्यांत जुगाऱ्यांची मारामारी आहे, भिंतीला भोंक पाडणाऱ्या चोराचा विनोद आहे, गणिकेचें निर्मळ प्रेम आहे, वधस्तंभाकडे निघालेला निरपराधी आहे आणि राज्यक्रांतीहि आहे. त्याला खिचडी म्हणण्याचें धैर्य कोण करील?

मराठी रंगभूमीचा जन्मच मुळीं अशा मिश्रणांत झाला. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ उभें केलें. त्या परंपरेच्या नाटकांत सूत्रधाराच्या मागोमाग विदूषक थट्टा करीत येई, गणपति-सरस्वती प्रकट होत, आणि राक्षस आरोळ्या ठोकीत, तरवारी फिरवीत रंगभूमि दणाणून सोडीत. पुढच्या पिढीच्या सुशिक्षितांनीं या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून नाकें मुरडलीं. आजचे आमचे आक्षेपक त्याच नाकांचे वारस आहेत. रसांचें मिश्रण हा दोष नव्हे; मिश्रण बेचव होणें हा दोष. खिचडीला नांवें ठेवणाऱ्यानें ती करपली आहे कीं नाहीं हें आधीं चाखून पहावें. ‘कुंग फू हसल’मधील घरमालकीण आपल्याला हांसविते आणि थोड्याच वेळानें तीच बाई शिंपी, हमाल व त्यांच्या साथीदाराच्या मरणानें गंभीर झालेली दिसते. आधीं हांसलों नसतों तर त्या गांभीर्याचा चटका लागला नसता. ही रचना अडाण्याची नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे व तो घेणारे लोक आम्हांला आदरणीय आहेत. ते म्हणतात, ‘आधींच आपला समाज बुवा, बाबा आणि गंडेदोरे यांनीं पोखरलेला. त्यांत घराघरांतून हे उडणारे योद्धे आणि तळहाताच्या फटक्यानें इमारती पाडणारे वीर दाखवून तुम्ही मुलांची विवेकबुद्धि आणखी मंद करणार.’ महाराष्ट्रांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेंचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली, आणि त्यानंतरच त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वांत आला. ज्या प्रांतांत विवेकाची किंमत रक्तानें मोजावी लागली तेथें अद्भुताची वकिली करणाऱ्यानें आपली बाजू नीट तपासून मांडली पाहिजे.

ती आम्ही अशी मांडतों. चमत्कार दोन जातींचे असतात. एक चमत्कार म्हणतो, ‘मी खेळ आहें, ये, माझ्याबरोबर खेळ.’ दुसरा म्हणतो, ‘मी सत्य आहें, पैसे ठेव आणि पायां पड.’ पहिला कलेचा, दुसरा धंद्याचा. ज्या मुलानें पहिला पुष्कळ पाहिला आहे त्याच्या मनांत दुसऱ्याविषयीं शंका उत्पन्न होण्याचा संभव अधिक. कारण योद्धा तरंगतो तेव्हां त्याला तारेनें उचललेलें असतें, हें त्याला ठाऊक असतें, आणि ठाऊक असूनहि तो टाळ्या पिटतो. आनंद घेणें आणि फसणें या दोन भिन्न क्रिया आहेत हा धडा त्याला कोणी व्याख्यान न देतां मिळतो. उलट ज्याच्या घरीं अद्भुताला बंदीच आहे, त्याला चमत्कार प्रथम भेटावयाचा तो धंदेवाल्याच्या दुकानांत. तेथें तारा दाखवीत नाहींत.

आमच्या चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचें उदाहरण या बाबतींत मननीय आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ते जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठीं आपलेंच आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ असें नांव त्यांनीं घेतलें होतें. याच माणसानें १९१७ सालीं ‘लंकादहन’ काढून प्रेक्षकांना थक्क केलें, आणि त्याच सालीं चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारा एक छोटा चित्रपटहि काढला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्यें कृष्णाचें काम त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिनें केलें. त्या चित्रपटाच्या आरंभीं फाळके आधीं या मुलीचे नाना भाव प्रेक्षकांना दाखवितात आणि मग तिला कृष्णरूपांत समोर आणतात. ‘ही माझी मुलगी, आतां पहा, हा कृष्ण!’ जणूं असेंच तें सांगणें आहे. तरीहि कालियाच्या फणेवर नाचणारा बाळकृष्ण पाहून भाविकांच्या आनंदांत उणेपणा आला नाहीं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गांवोगांव जाऊन काय करतात? तेहि आधीं चमत्कार करून दाखवितात आणि मग त्यांतील हातचलाखी उघड करतात. विवेकाचा प्रचारहि अद्भुताला दारांतून हांकलून होत नाहीं; त्याला घरांत बोलावून, त्याची गांठोडी सोडवून होतो.

बंदीचा प्रयोग कोणीं करून पाहिलाच नाहीं असेंहि नाहीं. शांघायमध्यें १९२८ सालीं ‘लाल कमलमंदिराचें दहन’ हा चमत्कारी योद्ध्यांचा चित्रपट निघाला आणि तीन वर्षांत त्याचे एकामागून एक भाग निघाले. लोक वेडे झाले. तेव्हां नानकिंगच्या राष्ट्रीय सरकारनें अंधश्रद्धा वाढते या कारणावरून १९३१ सालीं अशा चित्रपटांवर बंदी घातली. त्या बंदीनें चीनमधील अंधश्रद्धा नाहींशी झाली असें कोणताहि इतिहासकार म्हणत नाहीं. कला मात्र परागंदा झाली व पुढें हाँगकाँगमध्यें रुजून सगळ्या जगांत पसरली. सरकारी हुकुमानें जें साधलें नाहीं तें वडिलांच्या हातांतील बटनानें साधेल, असें मानणारांच्या आशावादाला आम्ही नमस्कार करतों.

आणि ज्या चित्रपटावर आक्षेप आहे तोच या प्रश्नावर काय बोलतो हें तरी ऐकून घ्यावें. नायक लहान असतांना एक भिकारी त्याला भुलवितो. ‘तुझ्या अंगीं अलौकिक गुण आहेत,’ असें म्हणून मुलाची सारी शिल्लक घेऊन त्याच्या गळ्यांत ‘बुद्धाचा तळहात’ नांवाच्या युद्धविद्येची एक चोपडी मारतो. मूल ती विद्या घोकतें, एका मुक्या मुलीला दांडगट पोरांच्या हातून सोडवावयास जातें, आणि भयंकर मार व विटंबना पदरांत घेऊन परततें. तेव्हांपासून त्याचा चांगुलपणावरचाच विश्वास उडतो. मोठेपणीं गुंड होण्याची त्याची हौस या फसवणुकींतून उपजलेली आहे. चमत्कार विकणारा मनुष्य केवळ पैसे नेत नाहीं, श्रद्धेची मुळेंच खणून नेतो, हें याहून उघड कोणीं सांगावें? आक्षेपक म्हणतील, ‘परंतु शेवटीं ती चोपडी खरी ठरतेच कीं!’ होय, ठरते. आणि अगदीं अखेरच्या दृश्यांत तोच भिकारी दुसऱ्या एका मुलापुढें तसल्या चोपड्यांचा पंखा पसरून उभा राहतो. आतां हा महात्मा कीं भामटा? चित्रपट उत्तर देत नाहीं, हांसतो. हें उत्तर घरांतील मंडळींनीं आपापसांत वाद घालून काढावें. ज्या चित्रपटानंतर दहा वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांचे आजोबा या प्रश्नावर भांडतात, त्यानें विवेकबुद्धि मंद केली असें कसें म्हणावें?

आणखी एक गोष्ट. नायकाच्या तळहाताचा प्रताप पाहून खलनायक थक्क होतो आणि ही कोणती विद्या म्हणून विचारतो. नायक सांगतो कीं तुला शिकावयाची असेल तर मी शिकवितों. खलनायक गुडघे टेकून त्याला गुरु म्हणतो. गिरडच्या कथेंतील व्यापारी आणि हा खलनायक यांत अंतर तें किती? दोन्हीकडे सामर्थ्याचा शेवट शत्रूच्या नाशांत नाहीं. तो त्याच्या पालटांत आहे. देशकाळ निराळे, लोकांच्या मनांतील मागणें मात्र एकच.

तिसरा आक्षेप घरासंबंधीं आहे. ‘असलें काहीं पाहावयाचेंच तर चित्रपटगृहांत जाऊन पहा, घर म्हणजे अभ्यासाची, वाचनाची, शांततेची जागा.’ येथें आक्षेपकांस आपल्याच घराचा इतिहास आठवत नाहीं. चातुर्मासांत ओसरीवर श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागे, तेव्हां काय वाचीत असत? पूतनेचा वध, भीम-बकासुराचें युद्ध, अस्त्रांतून निघणारे अग्नि आणि पर्जन्य! वाती वळीत आजी ऐके, मांडीवरचें मूल ऐके, दारांतून गडी ऐके. मध्येंच कोणी शंका विचारी; वाचणारा बोट ठेवून थांबे, उत्तर देई व पुढें चाले. मराठी घरांत अद्भुत शिरला तो दूरचित्रवाणीच्या तारेबरोबर नव्हे. पोथीच्या रुमालांतून तो केव्हांच येऊन बसला होता. उलट चित्रपटगृहाच्या अंधारांतच शंका विचारण्याची सोय नाहीं. घरीं चित्रपट थांबवितां येतो, मागें नेतां येतो, ‘हा आतां खोटें बोलला कीं नाहीं?’ असें विचारतां येतें. पोथीवर ठेवलेलें बोट आणि हें थांबविण्याचें बटन यांचें काम एकच.

घराला खरा धोका आहे तो निराळ्याच बाजूनें, आणि त्याबद्दल आमचे आक्षेपक चकार शब्द काढीत नाहींत. पुढच्या खोलींतला चित्रपट बंद झाला म्हणजे मुलें ज्ञानेश्वरी उघडून बसतात असें नाहीं. तीं आपापला मोबाइल घेऊन आपापल्या कोपऱ्यांत जातात. तेथें त्यांच्यापुढें काय येतें, किती येतें आणि त्यांत कोणता बाबा कोणतें चूर्ण विकीत असतो, हें वडिलांस कळत नाहीं. कारण वडीलहि आपल्या कोपऱ्यांत आपल्या मोबाइलवर असतात. चारचौघांत पाहिलेल्या उडत्या योद्ध्याची ज्यांना भीति वाटते, त्यांना एकट्यानें पाहिलेल्या चमत्काराची भीति वाटूं नये, ही विवेकाची कसली तऱ्हा?

सरसकट कोणताहि चित्रपट मुलांपुढें लावावा, असा आमचा पक्ष नाहीं. ‘कुंग फू हसल’मध्येंहि रक्तपात आहे, आणि अगदीं लहानग्यांसाठीं तो नव्हे. निवड ही वडिलांनींच करावयाची. परंतु निवडण्यासाठीं आधीं पाहिलें पाहिजे, आणि पाहण्यासाठीं मुलांच्या शेजारीं बसलें पाहिजे. बंद करण्यास एक बोट पुरतें. बरोबर बसण्यास दोन तास लागतात. आमच्या मतें पुष्कळ आक्षेपांचें मूळ या हिशेबांत आहे.

शेवटीं मराठी लेखकांस आणि चित्रपटकारांस दोन शब्द. अद्भुताला अप्रतिष्ठित ठरविल्यानें कोणाचें नुकसान झालें? चिनी लोकांनीं आपल्या मठांतील आणि डोंगरांतील दंतकथा घेतल्या, त्यांत थट्टा घातली, अश्रु घातले आणि त्या जगभर नेल्या. ‘कालियामर्दन’ काढणाऱ्या फाळक्यांच्या महाराष्ट्रांत दंतकथांचा दुष्काळ नाहीं. फळांचे दगड आणि पानांचीं फळें करणारा फकीर विदर्भांतल्या एका टेकडीवर बसलेला आहे. दोन धर्मांचीं माणसें त्याच्यापुढें माथा टेकवितात. ही कथा तिच्यांतील विनोदासकट आणि लाव्ह्याच्या हकीकतीसकट पडद्यावर आणण्यास कोणाची बंदी आहे? बंदी आहे ती फक्त आमच्या अभिरुचीच्या सोंवळ्याची. तें सोंवळें घरोघर उतरेल, तेव्हां आमचीं मुलें परक्यांचे अद्भुतपट डोळस कौतुकानें पाहतील, आणि त्यांतलें एखादें आपलाहि काढील.